भाऊजींचा ब्लॉक: उमरेडच्या एका ब्रेन ट्यूमर केसवरून आपल्याकडच्या संशोधनाबद्दल

केस अशी आहे. पुरुष, वय ४१, उमरेडला किराणा दुकान, बीपी नाही शुगर नाही, आधीचा कुठला मोठा आजार नाही. माझ्या मावसबहिणीचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊजी. मी नागपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोपॅथला टेक्निशियन आहे, त्यामुळे ही केस मी घरातूनही पाहिली आणि लॅबच्या टेबलावरूनही, आणि दोन्हीकडून पाहिल्यावर ब्रेन ट्यूमरवर भारतात संशोधन कुठे पोचलंय आणि कुठे अडून राहिलंय हे जेवढं समजलं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं. भाऊजींना आणि ताईला आधी वाचून दाखवलंय. लिही म्हणाले, फक्त नाव नको.

सुरुवात उधारीच्या वहीपासून झाली. भाऊजींचा सगळा हिशोब तोंडी, कॅल्क्युलेटरला कधी हात लावला नाही माणसाने. दिवाळीच्या आधी ताईच्या लक्षात आलं की बेरजा चुकून राहिल्या, ३४० आणि ८५ चे एका पानावर ३२५ आणि दुसऱ्या पानावर ५२५, आकडे ओळ सोडून भलत्याच रकान्यात, एकाच गिऱ्हाईकाची उधारी दोनदा. भाऊजी म्हणे चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग उजव्या हाताची बोटं मधूनच आपोआप हलायला लागली, मिनिटभर हलायची आणि थांबायची. कोणी म्हणे गॅस, कोणी म्हणे मानेची नस दबली, मानेचा एक्स-रे पण झाला आणि मानेच्या गोळ्या पण झाल्या. शेवटी एक दिवस दुकानातच पूर्ण फिट आली, पोत्यांवर पडले, लोकांनी कांदा हुंगवला, शेजारच्या दुकानदाराने गाडी काढली आणि थेट नागपूर.

एमआरआयमध्ये डाव्या पराएटल भागात साधारण ४ सेंटीमीटरची गाठ दिसली, कॉन्ट्रास्ट फारसं न घेणारी. आकडेमोड, लिहिणं, डावं-उजवं ओळखणं ही कामं बहुतेक लोकांत मेंदूच्या याच भागाच्या आसपास चालतात, म्हणजे वही कितीतरी आधीपासून सांगून राहिली होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण ब्रेन ट्यूमर म्हटलं की लोक डोकेदुखीची वाट पाहतात. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, किंवा रोजचं हातखंडा काम अचानक चुकायला लागलं, तर मानेच्या एक्स-रेवर थांबू नका, मेंदूचा स्कॅन करा.

ऑपरेशन नागपूरच्या धंतोलीत झालं. सर्जनने जेवढं काढता येईल तेवढं काढलं, बोलण्याच्या भागाला लागून थोडं ठेवावं लागलं, आणि ते त्यांनी ताईला आधीच समजावून सांगितलं होतं. पुढचा भाग आमच्या लॅबचा, आणि माझ्या मते या केसचा खरा गाभा तोच आहे.

तुकडे दोन डब्यांत आले. एक डबी आमच्या लॅबने दिलेली, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनची. दुसरी ऑपरेशन थिएटरमधलीच (ओटीतली), बाटलीतलं फॉर्मॅलिन साध्या पाण्यात कालवून भरलेली, आणि त्यात तुकडा एवढा मोठा की वर जेमतेम बोटभर पातळ. ऑपरेशन शनिवारी, डब्या आल्या सोमवारी. पहिल्या डबीतला तुकडा सारखा राखाडी झालेला, चाकूखाली नीट कापला गेला. दुसऱ्यातला कापला तर बाहेरून कडक आणि आत मध्यभागी अजून गुलाबी, मऊ, म्हणजे फॉर्मॅलिन तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. बाहेरच्यांना ही बारीक गोष्ट वाटेल. पण बफर नसलेलं फॉर्मॅलिन आंबट होत जातं, त्यात पेशीतला डीएनए तुटतो, आणि तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन पाहिजे हा नियम त्यासाठीच आहे. साध्या रंगाच्या काचेवर दोन्ही तुकडे जवळजवळ सारखेच दिसतात. फरक पडतो तो पुढे जीनची तपासणी करायची वेळ येते तेव्हा.

आणि आता ती वेळ प्रत्येक ग्लायोमामध्ये, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठीत, येते. पूर्वी मायक्रोस्कोपखाली पाहून ॲस्ट्रोसायटोमा ग्रेड अमुक असं लिहिलं की काम झालं. डब्ल्यूएचओने २०१६ च्या वर्गीकरणात जीनमधले बदल निदानात आणि नावातही आणले आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांना आणखी वजन दिलं. मोठ्या माणसांतले पसरणारे ग्लायोमा आता मुख्यतः तीन: आयडीएच म्युटंट (म्हणजे आयडीएच या जीनमध्ये बदल झालेला) ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटेशन आणि सोबत १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे गेलेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच वाइल्ड टाइप (म्हणजे बदल नसलेला) ग्लायोब्लास्टोमा. दिसायला एकसारखी वाटणारी गाठ यातल्या कुठल्या घरात पडते यावर माणसाच्या आयुष्याचा अंदाज वर्षावर्षांनी बदलतो.

भाऊजींच्या तुकड्यावर आधी स्वस्तातल्या टेस्ट झाल्या, म्हणजे अँटिबॉडीने काच रंगवायची, ज्याला आम्ही आयएचसी म्हणतो. आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह. एटीआरएक्स नावाचं प्रथिन गेलेलं. पी५३ हे प्रथिन गच्च पॉझिटिव्ह. पेशी विभागताना दिसत होत्या, म्हणजे ग्रेड ३ कडे झुकणारं. रिपोर्टच्या पहिल्या प्रतीत "आयडीएच निगेटिव्ह, पुढील तपासणी सुचवली आहे" अशी ओळ गेली, घरच्यांनी त्यातले पहिले दोन शब्दच वाचले आणि फोनवर शोधलं. आयडीएच नाही म्हणजे ग्लायोब्लास्टोमासारखं, आणि ग्लायोब्लास्टोमा म्हणजे सव्वा वर्ष. हा सव्वा वर्षाचा आकडा येतो २००५ च्या स्टुप ट्रायलमधून, ५७३ पेशंट, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड (किमोची कॅप्सूल) दिलं तर मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, १४.६ महिने, नुसत्या रेडिएशनने १२.१. आकडा खरा आहे, पण तो या पेशंटचा आहे का हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. ताईचा रात्री फोन आला. "तू तं लॅबमध्येच आहे न रे, मले खरं सांग, पोरीचं लग्न आधी उरकून टाकू का?" पोरगी अजून बारावीत होती.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो रिपोर्ट सोडला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ग्लायोमात आयडीएचची जेवढी म्युटेशन सापडतात त्यातली साधारण ९० टक्के आर१३२एच या एकाच प्रकारची, आणि ही अँटिबॉडी तेवढी एकच ओळखते. उरलेली तिला दिसत नाहीत. वय ५५ च्या आत, वरून एटीआरएक्स गेलेलं, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं म्युटेशन असायची दाट शक्यता, सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षर-अक्षर वाचणं, केल्याशिवाय वाइल्ड टाइप लिहायचं नाही. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, मुंबईला पाठवले. ओटीच्या डबीतल्या तुकड्याचा ब्लॉक फेल, डीएनए एवढा तुटलेला की मशीन वाचू शकलं नाही. बफर्ड डबीतला चालला. उत्तर: आयडीएच१ आर१३२सी. सीडीकेएन२ए हा जीन शाबूत, त्याच्या दोन्ही प्रती गेल्या असत्या तर ग्रेड ४ झालं असतं. अंतिम निदान आयडीएच म्युटंट ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड ३. आजार गंभीरच आहे, पण सव्वा वर्षाच्या हिशोबातला नाही. या आजारात लोक वर्षानुवर्षं जगतात.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं होतं, ही टेस्ट त्यात बसली नाही, दुकानाच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त पैसे घरून गेले. आणि ती बफर्ड डबी आली नसती तर पैसे घालूनही काही हाती लागलं नसतं.

आता संशोधनाकडे येतो, कारण हे सगळं आयडीएच प्रकरण मुळात कुठून आलं ते पाहिलं की आपलं काय अडतं ते समजतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या नमुन्यांचे जीन वाचताना आयडीएच१ मधला बदल पहिल्यांदा पकडला. त्याच वर्षी कॅन्सर जीनोम ॲटलास या कॅन्सरचे जीन वाचायच्या अमेरिकन प्रकल्पाचा पहिला पेपर आला, तोही ग्लायोब्लास्टोमावर, २०६ ट्यूमर. ॲटलासचे नमुने ऑपरेशननंतर गोठवून ठेवलेले होते, प्रत्येकाबरोबर संमती होती, उपचार आणि पुढे त्या माणसाचं काय झालं याची नोंद होती. असे नमुने हाताशी असले की असे शोध लागतात. त्या संग्रहात बहुसंख्य पेशंट युरोपीय वंशाचे, आपल्यासारखे फार थोडे.

भाऊजींना जे उपचार मिळाले त्यांचंही तसंच. ५९.४ ग्रे रेडिएशन, ३३ सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा आठवडे, आणि मग टेमोझोलोमाइडच्या १२ सायकल, २८ दिवसांत ५ दिवस कॅप्सूल. हे कॅटनॉन ट्रायलमधून आलं, ७५१ पेशंट, नंतर टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांत ५ वर्षांनी ५५.९ टक्के हयात आणि न घेणाऱ्यांत ४४.१, आणि पुढे विश्लेषणात दिसलं की फायदा मुख्यतः आयडीएच म्युटंट असणाऱ्यांना. पेशंट घेतले ते युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून. औषध उपयोगी पडतंय, कॅप्सूल आपल्या कंपन्या जेनेरिक बनवतात म्हणून परवडतंय, याबद्दल तक्रार नाहीच. पण साडेसहा आठवडे उमरेडवरून एसटीने रोज अप-डाउन करणाऱ्या माणसासाठी सिटिंग कमी करता येतील का, हा प्रश्न तिकडचा माणूस कशाला विचारेल? तो आपल्यालाच विचारावा लागतो.

आणि असे प्रश्न विचारणारे भारतात आहेत, हे सांगितलंच पाहिजे, कारण "आपल्याकडे काही होत नाही" हे वाक्य मी फार ऐकतो आणि ते चूक आहे. दिल्लीच्या एम्समध्ये ग्लायोब्लास्टोमासाठी ६० ग्रे रेडिएशन ३० ऐवजी २० सिटिंगमध्ये देऊन पाहिलं, म्हणजे सहा आठवड्यांचं काम चार आठवड्यांत, २०१८ ला छापून आलं, ट्रायल लहान होती पण जगण्यात तोटा दिसला नाही. ते ग्लायोब्लास्टोमाचं होतं, भाऊजींच्या प्रकाराला तसंच लावता येत नाही, पण प्रश्न आपल्या मातीतला आहे. टाटा मेमोरियलचं काम तर मला फार मोठं वाटतं. ३ ते २५ वर्षांची २०० पोरं, साध्या किंवा हळू वाढणाऱ्या ब्रेन ट्यूमरची, निम्म्यांना नेहमीचं रेडिएशन आणि निम्म्यांना नेमकं गाठीभोवती आखलेलं स्टिरिओटॅक्टिक, आणि मग वर्षानुवर्षं त्यांची बुद्धी आणि हार्मोन तपासत राहायचं. २००१ ते २०१२ पेशंट घेतले, २०१७ ला जामा ऑन्कोलॉजीत निकाल आला, नेमकं रेडिएशन मिळालेल्यांची बुद्धी जास्त चांगली टिकली. अशी तुलना चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून जगात फारशी कोणी केलेली नव्हती. यात मला महत्त्वाचं वाटतं ते मशीनपेक्षा फॉलो-अप. गावोगावची पोरं, आणि ती पाच-पाच वर्षं परत येत राहिली, म्हणजे कोणीतरी फोन करत होतं, तारखा लिहून ठेवत होतं.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातलं एक काम तर आमच्या लॅबच्या लोकांना अभिमान वाटावा असं आहे. मेडुलोब्लास्टोमा हा मुलांतला ट्यूमर, २०१२ पासून त्याचे चार गट मानतात, गटाप्रमाणे आजाराचं वागणं वेगळं. बाहेर ते ओळखायला बहुतेक वेळा गोठवलेला टिश्यू आणि महागडी चिप लागायची. इथे डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की साध्या मेणाच्या ब्लॉकमधून, मायक्रो-आरएनए आणि काही जीन मोजून, रिअल-टाइम पीसीआरवर ते गट ओळखता येतात. मेणाचा ब्लॉक म्हणजे जो नागपूर, अकोला, चंद्रपूर, कुठल्याही लॅबच्या कपाटात असतो तोच. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेत डॉ. अंजली शिरस यांच्या गटाने २००३ मध्येच पेशंटच्या ग्लायोब्लास्टोमातून स्वतःच्या सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढत राहणाऱ्या पेशी, उभ्या केल्या. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून ब्रेन बँक आहे, संशोधनासाठी मेंदूचे नमुने जपणारी. प्रोटॉन रेडिएशनची मशीन २०१९ ला चेन्नईत आली आणि आता खारघरलाही आहे. थोडक्यात डोकी आहेत, यंत्रं आहेत, आणि बऱ्यापैकी पैसाही येतो.

मग अडतं कुठे? माझ्या जागेवरून मला जे दिसतं ते सांगतो. अडतं ते ऑपरेशन थिएटर आणि लॅब यांच्या मधल्या वाटेत, आणि डिस्चार्जनंतरच्या वाटेत.

भाऊजींचंच घ्या. एमआरआयच्या फिल्म ताईच्या कपाटावर, सीडी अर्धी चालते. ऑपरेशन नोट एका हॉस्पिटलात. ब्लॉक आमच्याकडे, सिक्वेन्सिंगची फाइल मुंबईच्या लॅबच्या सर्व्हरवर. रेडिएशनचा प्लॅन तिसऱ्या ठिकाणी. टेमोझोलोमाइडच्या वेळी प्लेटलेट किती खाली गेल्या, दोन सायकल पुढे का ढकलल्या, ते उमरेडच्या लॅबच्या चिठ्ठ्यांवर. या सगळ्या गोष्टी एका जागी, एका नंबरखाली कुठेच नाहीत. आर१३२सी हा तसा कमी दिसणारा प्रकार, अशा पेशंटचं आपल्याकडे पुढे काय होतं हे कोणाला अभ्यासायचं म्हटलं तर भाऊजी सापडणारच नाहीत. आणि असे किती भाऊजी. नागपूरला नुसता विदर्भ येत नाही, छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूल, राजनांदगाव, सगळीकडून पेशंट येतात. इथली हॉस्पिटलं म्हणजे मेडिकल, मेयो, एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय, धंतोली-रामदासपेठेतले न्यूरोसर्जन, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. एवढ्या भागाचे ब्रेन ट्यूमर एका शहराच्या आसपास कापले जातात. एवढं साहित्य देशात फार थोड्या शहरांकडे असेल.

मोजणीतही भोक आहे. नागपूरला कॅन्सर रजिस्ट्री आहे, आयसीएमआरच्या राष्ट्रीय कार्यक्रमातली, त्या लोकांचं काम मी पाहिलंय, रजिस्टर घेऊन लॅबोलॅबी फिरतात. पण आपल्या रजिस्ट्री मुळात कॅन्सर मोजतात, म्हणजे मॅलिग्नंट. मेनिंजिओमा, पिट्युटरीची गाठ, कानाच्या नसेवरची श्वानोमा, या बहुतेक साध्या गाठी, त्या हिशोबात येतच नाहीत. अमेरिकेत २००२ ला कायदा करून २००४ पासून साध्या ब्रेन ट्यूमरचीही नोंद सक्तीची केली, आणि त्या नोंदीत सगळ्यात जास्त सापडतो तो मेनिंजिओमाच. साध्या गाठीने पण माणूस आंधळा होतो, फिट येतात, कामधंदा सुटतो. आपल्याकडे त्या किती आहेत हे मोजल्याशिवाय त्यावर पैसा मागायचा कसा?

घरातला अजून एक प्रसंग. सायकल चालू असताना पुतण्याने ग्रुपवर टाकलं, ग्लायोमावर नवीन गोळी आली, आयडीएचवरच काम करते, काकांना चालू करा. गोळी खरी आहे, व्होरासिडेनिब. इंडिगो ट्रायल, ३३१ पेशंट, आजार न वाढण्याचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ वर गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी. वीस वर्षांत या प्रकारात असं काही आलं नव्हतं, मी स्वतः वाचून खूश झालो होतो. पण ट्रायल होती ग्रेड २ साठी, आणि ज्यांचं फक्त ऑपरेशन झालंय, रेडिएशन-किमो झालेलं नाही त्यांच्यासाठी. भाऊजी दोन्हीत बसत नाहीत. हे मी सांगितलं तर घरच्यांना मी आडवा आलो असं वाटलं, मग ऑन्कोलॉजिस्टनी तेच सांगितलं तेव्हा पटलं. भारतात कुठली ट्रायल चालू आहे का हे शोधायला मी सीटीआरआय दाखवलं, २००७ पासूनची सरकारी रजिस्ट्री, भारतात कुठलीही ट्रायल तिथे नोंदवावीच लागते, कोणालाही फुकट पाहता येते. आजाराचं नाव टाका, कुठल्या शहरात पेशंट घेऊन राहिले ते पाहा, आणि मग डॉक्टरांशी बोला. फॉरवर्डपेक्षा हे कितीतरी बरं. ताईचा पहिला प्रश्न होता, "प्रयोग तं नाही न करणार यांच्यावर?" ही भीती आपल्याकडे उगीच नाही, पूर्वी ट्रायलमध्ये लोकांना न सांगता घेतल्याची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, मग नियम कडक झाले, २०१९ ला नवे नियम आले, त्यात भरपाई, लेखी संमती सगळं आहे. समजावून सांगायला कोणी बसलं तर लोक हो म्हणतात, हे मी भाऊजींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं. उरलेला टिश्यू पुढे संशोधनाला वापरायची संमती मॅडमनी मराठीत वाचून दाखवली, भाऊजींनी एकच विचारलं की पुन्हा डोकं उघडावं लागणार नाही ना, आणि सही केली.

आत्ताची स्थिती अशी: १२ सायकल झाल्या, शेवटच्या एमआरआयमध्ये राहिलेला भाग जसाच्या तसा, फिटच्या गोळ्या चालू, गाडी चालवायला मनाई. दुकानात बसतात, हिशोब आता पोरगी पाहते किंवा कॅल्क्युलेटर, मोठी बेरीज अजून चुकते. दर तीन महिन्यांनी एमआरआय.

लॅबमध्ये आम्ही एक केलं. ज्या ज्या न्यूरोसर्जनचं काम आमच्याकडे येतं त्यांच्या ओटीत बफर्ड फॉर्मॅलिनच्या भरलेल्या मोठ्या तोंडाच्या डब्या आधीच पोचवून ठेवतो, आणि फॉर्मवर तुकडा किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये टाकला तो रकाना वाढवलाय. सगळे भरत नाहीत, पण काही जण भरून राहिले. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय त्यांनी सर्जनना आधीच विचारून ठेवा, टिश्यू कुठल्या लॅबला जाणार, बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जाणार का, आयडीएच निगेटिव्ह आलं तर पुढे सिक्वेन्सिंग होणार का. रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर फोटो काढून जपून ठेवा, ब्लॉक दुसरीकडे दाखवायला मागता येतो. आणि एमआरआयची सीडी घेताना तिथेच लावून पाहा चालते का.

भाऊजींचा बफर्ड डबीतला ब्लॉक मुंबईहून परत आलाय, बराच शिल्लक आहे, संमतीचा कागद त्याच पाकिटात लावून ठेवलाय. मध्य भारतात कोणी आर१३२एच सोडून बाकीच्या आयडीएच म्युटेशनवर काम करत असेल तर आमच्या मॅडम तो द्यायला तयार आहेत, सोबत पहिल्या फिटपासून शेवटच्या एमआरआयपर्यंतच्या सगळ्या तारखा मी एका कागदावर लिहून काढल्या आहेत.